एका तालुक्यातले दोन कोड

प्रिय ईशान, प्रिय तारा,

गेल्या रविवारी ताराने विचारलं, की आजीच्या घरच्या फोनपुढे ०२२ का लावायचं आणि मोबाइलपुढे का नाही. तुमचे बाबा मागून म्हणाले, "आजीला विचारू नका, तासभर सांगेल." म्हणून लिहून पाठवते आहे. लिहिलेलं वाचणाऱ्याला मधेच थांबवता येतं.

आणखी एक कारण आहे. मागच्या आठवड्यात फोन कंपनीचा माणूस दादरच्या आपल्या घरी आला, तांब्याची जुनी तार काढून फायबरची नवी तार बसवून गेला. जाताना म्हणाला, "आजी, पुढेमागे हे कोडबिड सगळं बदलणार म्हणतात." बदलेल तेव्हा बदलेल. मी मात्र या कोडांवर अख्खी नोकरी केली, आणि एकदा एका कोडापायी एका माणसाचा जीव टांगणीला लागलेला पाहिला. ते तेवढं सांगून ठेवते.

"प्रधान मॅडम, तुमच्या बोर्डावरून बाहेरगावी फोन लागतो ना?"

शर्वरीने दारातूनच विचारलं. पायात डायलिसिस वॉर्डाच्या निळ्या रबरी सपाता होत्या. त्या घालून वॉर्डाबाहेर यायची कोणालाच परवानगी नव्हती, आणि शर्वरी नियम मोडणाऱ्यातली नव्हे. तेव्हाच मी हातातला चहा खाली ठेवला.

टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यावर मी काही वर्षं परळच्या एका हॉस्पिटलात टेलिफोन सुपरवायझर होते. तळमजल्यावर माझी काचेची खोली, तिच्यात ईपीएबीएक्सचा बोर्ड. ईपीएबीएक्स म्हणजे हॉस्पिटलमधल्या सगळ्या फोनांचं घरगुती एक्स्चेंज. वॉर्डातल्या फोनांवरून मुंबईबाहेर फोन लागत नसे, बिल वाढतं म्हणून. बाहेरगावचा फोन फक्त माझ्या बोर्डावरून.

शर्वरी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर होती. किडनी बदलायच्या पेशंटांची यादी, त्यांचे रिपोर्ट, त्यांचे नातेवाईक, सगळं तिच्याकडे. शहरात एखादा माणूस ब्रेन डेड झाला, म्हणजे मेंदू थांबला पण यंत्रावर हृदय चालू आहे, आणि घरच्यांनी अवयव द्यायला होकार दिला, की त्याची किडनी कोणाला द्यायची ते शहराची एक कमिटी वेटिंग लिस्टवरून ठरवते. त्या सकाळी अशी एक किडनी आमच्या सदानंद धनावडेच्या नावावर आली होती.

सदानंदला सगळं हॉस्पिटल ओळखायचं. लालबागला मसाल्याच्या डंखावर कामाला होता. डंख म्हणजे मिरच्या कुटायचं मोठं यंत्र. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला यायचा, आणि तो आला की लिफ्टमध्ये लोक शिंकायचे. चार वर्षं यादीत होता. हाताच्या शिरा सुयांनी निकामी होत आल्या होत्या. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला स्पष्ट सांगितलं होतं, की आणखी वर्षभर असं निघणं कठीण आहे.

"आनंदाची बातमी आहे की," मी म्हटलं.

"तो गावाला गेलाय, मॅडम, जयगडकडे. शिमग्याला. मोबाइल बंद."

"बायकोचा?"

"तोही. दोघं बरोबरच गेलेत."

"फॉर्मवर आणखी तीन नंबर असतात ना? अडीअडचणीचे?"

शर्वरीने कागद माझ्यासमोर ठेवला. "एक भाऊ. एक चुलत भाऊ. एक चाळीतला शेजारी. तिघेही कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर."

मी नावं पाहिली. धनावडे, धनावडे, धनावडे. शेजारीसुद्धा धनावडे. मग माझ्या ध्यानात आलं. लालबागच्या त्यांच्या चाळीत एका मजल्यावर एकाच वाडीची माणसं. शिमग्याला कोकणात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते, आणि ती आपल्या दारात येते तेव्हा घरातला माणूस दारात असावा लागतो. म्हणजे सदानंद जिथे होता तिथेच त्याचे तिन्ही अडीअडचणीचे लोक होते. सगळे एकाच पालखीला, एकाच खोलगट वाडीत, जिथे मोबाइलची एक रेघसुद्धा येत नाही. फॉर्म भरून घेणाऱ्याच्या मनात हे येणं शक्य नव्हतं, आणि भरून देणाऱ्याला तर त्यात काही चुकतंय असं वाटलंच नसणार. अडचणीला भावकी नाही तर कोण?

"रत्नागिरीच्या डायलिसिस सेंटरला विचारलं," शर्वरी म्हणाली. "आपणच त्याची तिथे सोय केली होती. काल येऊन गेला, आता उद्या येईल. त्यांच्याकडेही हेच नंबर. तिथल्या पोलिसांनाही सांगितलंय. ते म्हणाले, गाडी पालख्यांच्या बंदोबस्तात आहे, मोकळी झाली की पाठवतो."

"आणि हा शेवटचा नंबर?"

"तो गावातला लँडलाइन. जायच्या आधी त्याच्या बायकोने दिला होता, तिथे रेंज नसते म्हणून. कोणी काकी आहेत, त्यांच्या घरचा. पण तो राँग नंबर आहे, मॅडम. मी ऑफिसच्या मोबाइलवरून तीनदा लावला. रत्नागिरीतली बेकरी लागते. मालक वैतागलाय. म्हटलं, तुमच्या बोर्डावरून तरी नीट लागेल."

डॉ. मेहेंदळे तेवढ्यात आत आले. किडनीचे मोठे डॉक्टर. ओरडायचे नाहीत, पण घड्याळाकडे पाहून बोलायचे.

"शर्वरी, साडेबाराला मला कमिटीला हो किंवा नाही सांगायचंय. जयगडहून गाडीने यायला आठ-नऊ तास. शिवाय इथे आल्यावर क्रॉसमॅच." क्रॉसमॅच म्हणजे देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त एकमेकांशी भांडतं का ते पाहणं. "तो निघाला हे कळल्याशिवाय मी हो म्हणू शकत नाही."

"सर, पोलीस जाणार आहेत."

"कधी?"

"गाडी मोकळी झाली की."

"स्टँडबाय आली आहे ना?"

"बाहेर बसलीय."

मी काचेतून पाहिलं. समोरच्या बाकावर एक मुलगी बसली होती, मांडीवर कपड्यांची पिशवी. शेजारी आई. मुलीचं नाव पल्लवी, भोईवाड्याला बालवाडी शिकवायची. ती यादीत सदानंदच्या खाली होती. असा पेशंट नेहमी बोलावून ठेवतात. वरचा आला नाही किंवा त्याचं रक्त जुळलं नाही, तर खालच्याचा नंबर. तिला हे सगळं सांगितलेलं होतं. ती शांत बसली होती. आई मात्र माझ्या खोलीच्या दाराकडे एकटक बघत होती.

मुलांनो, ती बाई मी तुमच्यापासून लपवू शकले असते. पण मग मी त्या सकाळी काय करत होते ते तुम्हाला पुरतं कळलं नसतं. सदानंदसाठी मी जो फोन फिरवणार होते, तो त्या मुलीच्या विरुद्धही जाणार होता. मी त्यावर एकदाच विचार केला आणि सोडून दिला. यादी ठरवणारे दुसरे होते. माझं काम फोन लावणं.

"शर्वरी, नंबर वाच."

तिने वाचला. ०२३५२, मग सहा आकडे.

आता कोड म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आधीचं शून्य म्हणजे 'मला माझ्या गावाबाहेर जायचंय.' त्यापुढचे आकडे म्हणजे कुठे जायचंय. मुंबई २२, पुणे २०. मोठ्या शहरांचे कोड छोटे, कारण तिथे फोन पुष्कळ, म्हणून नंबर लांब लागतो. लहान गावांचं उलट, कोड लांब, नंबर छोटा. तारा, बेरीज करून बघ. मुंबईचे कोडाचे दोन आणि नंबराचे आठ. रत्नागिरीचे कोडाचे चार आणि नंबराचे सहा. शून्य सोडलं तर दोन्हीकडे दहाच. मोबाइल कुठल्या गावाला बांधलेला नसतो, म्हणून त्याला कोड नाही, त्याचे दहाही आकडे नंबराचेच.

आणि आकडे शेजार सांगतात. कोल्हापूर ०२३१, सांगली ०२३३, रत्नागिरी ०२३५२, कुडाळ ०२३६२. सगळी ०२३ची भावंडं. नागपूर मात्र ०७१२, अमरावती ०७२१. महाराष्ट्रातलाच विदर्भ, पण त्याचा पहिला आकडा भोपाळशी जुळतो, मुंबईशी नाही. आमचे जुने इंजिनियर म्हणायचे, सरकारचा नकाशा वेगळा आणि तारांचा नकाशा वेगळा. जिल्हा कलेक्टरचा असतो. कोड एक्स्चेंजचा.

म्हणून मला 'राँग नंबर' हा शब्द पटेना. सहा आकडे लावल्यावर बेकरी लागते, म्हणजे आकडे खरे आहेत, फोन जिवंत आहे. फक्त तेच सहा आकडे शेजारच्या कोडातही कोणाचे तरी असू शकतात. कोड चुकला असेल, तर आपण बरोबर घराच्या नावाने भलत्या गावात हाका मारतोय.

"हा कोड त्याच्या बायकोने सांगितला?" मी विचारलं.

शर्वरी आठवू लागली. "नाही. तिने सहाच आकडे सांगितले. गावात कोणी कोड लावत नाही ना. कोड कॉम्प्युटरने भरला. आपण तालुका निवडला की कोड आपोआप येतो."

"कुठला तालुका निवडला?"

"रत्नागिरी. आधार कार्डावर तोच आहे. मॅडम, तो खरंच रत्नागिरी तालुक्यातला आहे. खारवठार, जयगडच्या अलीकडे."

इथे मी अडकले. तालुका चुकला असता तर सोपं होतं. तालुका बरोबर होता.

मी डोळ्यांसमोर नकाशा आणला. तालुक्याच्या कडेचं गाव कधीकधी पलीकडच्या एक्स्चेंजला जोडलेलं असतं. पूर्वेला संगमेश्वर तालुका, त्याचा कोड ०२३५४. लावला. रेकॉर्ड वाजली, हा नंबर अस्तित्वात नाही. खाडीपलीकडे गुहागर, ०२३५९. जयगडहून तिथे फेरीबोट जाते, माणसांचं येणंजाणं आहे. लावला.

रिंग वाजली.

शर्वरीने माझा खांदा धरला. रिंग वाजत राहिली. संपूर्ण वाजून थांबली. मी परत लावला. पुन्हा तेच.

"सगळे पालखीला गेले असतील," शर्वरी म्हणाली.

मलाही तसंच वाटलं. हेच तर वाईट. उचलत नाही तो फोन बरोबरच आहे अशी आशा माणूस धरून बसतो. मी तिसऱ्यांदा लावला, चौथ्यांदा लावला. डॉक्टर दारात आले, घड्याळ पाहून परत गेले. पल्लवीची आई बाकावरून उठली आणि माझ्या काचेशी आली.

"ताई, काही कळलं का हो?"

"अजून नाही."

"म्हणजे आमचं होणार की नाही?"

"ते डॉक्टर सांगतील. बसा तुम्ही. पाणी पाहिजे का?"

"पाणी नको," ती म्हणाली. "तिला पाणीही मोजून मिळतं. मी तिच्यासमोर पीत नाही."

ती परत जाऊन बसली. मी रिसीव्हर ठेवला. आपण ज्या फोनवर आशा लावून बसलोय तो खारवठारचाच आहे याला पुरावा काय? काही नाही. गुहागरला फेरीबोट जाते म्हणून तार जाते असं थोडंच आहे? खाडी आडवी असताना खात्याने तार तिकडून कशाला आणली असती? मी माणसांच्या येण्याजाण्यावरून विचार करत होते. तारेवरून करायला हवा होता.

"शर्वरी, बेकरीला लाव."

"मॅडम, तो आता शिव्या देईल."

"देऊ दे."

बेकरीवाल्याने खरंच सुरुवात तशीच केली. "ओ बाई, तुम्हांला किती वेळा सांगायचं? इथे धनावडे नाय. खारी पाहिजे असेल तर बोला."

"मी मुंबईहून हॉस्पिटलमधून बोलतेय. टेलिफोन खात्यात होते पूर्वी. एकच विचारायचंय. तुमचा माल जयगडकडे जातो का?"

"जातो ना. गाडी जाते रोज. का?"

"तिकडच्या दुकानदाराला या फोनवरून फोन लावता तेव्हा नुसते सहा आकडे लावता, की पुढे शून्य लावून कोड लावावा लागतो?"

मागे भट्टीवरच्या पत्र्यांचा आवाज येत होता. "कोड लावायला लागतो. तालुका एकच, पण मालगुंडवाल्यांचं वेगळं आहे. शून्य दोन तीन पाच सात."

मला हसू आलं, आणि रागही आला. मालगुंड. ट्रंकच्या दिवसांत, म्हणजे ऑपरेटरकडून फोन जोडून घ्यायच्या काळात, गणपतीपुळ्याचा किंवा जयगडचा कॉल आला की आम्ही रत्नागिरीच्या मुलीला म्हणायचो, "मालगुंड दे गं." मालगुंड तालुका नाही. पण किनाऱ्यावरच्या त्या पट्ट्याचं एक्स्चेंज तिथलं, म्हणून कोडही त्याचा. एका तालुक्यात दोन कोड. आमचा कॉम्प्युटर बनवणाऱ्याने तालुक्यांची यादी घेतली होती, एक्स्चेंजची नाही.

"सापडला माणूस तर कळवा," बेकरीवाला म्हणाला. "सकाळपासून डोकं खाल्लंत, निदान काय झालं ते तरी कळू दे."

०२३५७ आणि ते सहा आकडे. रिंग वाजली. तिसऱ्या रिंगला कोणीतरी उचललं.

"कोन?" बाईचा आवाज. म्हातारा, पण खणखणीत.

"खारवठार का? मी मुंबईहून बोलतेय. सदानंद धनावडे तुमच्या वाडीत आलाय?"

"सदा? हाय की. पालखीसंगं हाय."

शर्वरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"काकी, त्याला ताबडतोब बोलवा. हॉस्पिटलचा फोन आहे. त्याच्यासाठी किडनी आलीय. त्याने आत्ता निघायला पाहिजे."

"मी कशी जाऊ, बाय? पालखी आता माज्याच अंगणात येतेय. वटी भरायची हाय. घरात दुसरं कोन नाय. सगली तिकडंच."

"काकी, ऐका, त्याचा जीव..."

"मी बहिरी नाय, ऐकलं," काकी म्हणाली. "मी गेले तर पालखी येका वाटेनं येयाची नि मी दुसऱ्या वाटेनं. सदा पालखीसंगंच येतोय. तुमी फोन धरून ऱ्हावा. ठेवू नका. हा फोन ठेवला की कदी कदी लागत नाय परत."

रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग काही नाही.

मी स्पीकर चालू केला. डॉ. मेहेंदळे आले. शर्वरीने त्यांना सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"किती वेळ?"

"पालखी येईपर्यंत, सर."

"म्हणजे किती?"

कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही तिघं त्या स्पीकरकडे बघत उभे होतो. आधी फक्त कोंबडीचा आवाज आला. मग कुठेतरी दूर ढोल. इतका दूर, की मला वाटलं आमच्याच रस्त्यावरून काही जातंय. शर्वरीने खिडकी लावून घेतली. ढोल तसाच. म्हणजे तिकडचाच.

हळूहळू तो वाढला. मग थांबला. शेजारच्या घरी पालखी टेकली असणार. तिथे नाचवतात, नवस बोलतात, गाऱ्हाणं घालतात, म्हणजे देवाकडे मागणं मागतात. त्याला लागेल तेवढा वेळ लागतो. साडेबारा वाजून गेले. डॉक्टरांच्या मोबाइलवर कमिटीचा फोन आला. ते म्हणाले, "पेशंट लाइनवर येतोय. पाच मिनिटं द्या." तो अजून लाइनवर आला नव्हता. पण त्यांनी तसं सांगितलं, आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

लाइनमध्ये खरखर सुरू झाली. जुन्या तारांचं हे असंच. मी बोर्डावर हात ठेवून बसले, जणू हात ठेवल्याने काही होणार होतं.

मग एकदम ढोल खोलीत घुसला. इतका मोठा, की बाहेरची पल्लवीची आई दचकून उठली. माणसांचा कल्ला, बायकांचे आवाज, काकीचं कोणावर तरी खेकसणं. "आधी फोन घे. नाच मग. सदा! आरं आधी फोन घे!"

"हॅलो?" सदानंद धापा टाकत होता.

शर्वरीने सांगितलं. मी तिला इतकं भरभर बोलताना कधी ऐकलं नव्हतं. किडनी आलीय, आत्ता निघ, काही खाऊ नको, पाणी पिऊ नको, गाडी बघ.

पलीकडे ढोल वाजतच होता.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "पालखी माझ्या घरी संध्याकाळी येयाची हाय. माझं घर शेवटचं. त्याच्यासाठीच तर आलो. पुढच्या शिमग्याला मी असेन का नाय म्हणून."

डॉ. मेहेंदळेंनी घड्याळाचा हात खाली घेतला.

"सदानंद," मी म्हटलं, "मी प्रधान बोलतेय, टेलिफोनवाली. तिथे गावकर आहेत का? पालखीचं ज्यांच्या शब्दावर चालतं ते?"

"हायेत."

"त्यांना दे फोन."

मी धाडस केलं खरं. शहरातली बाई, फोनवरून त्यांच्या देवाच्या कामात बोलणार. पण सदानंदला निघ म्हणायचा अधिकार माझा नव्हता आणि डॉक्टरांचाही नव्हता. ज्यांचा होता त्यांना मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

गावकर सावकाश बोलले. "घरं चुकवता येनार नाय. ज्याचा मान आधी त्याचं घर आधी. ह्याच्यात मी बदल केला तर उद्या गावात भांडन. पन तुमी थांबा जरा."

त्यांनी रिसीव्हर हातातच धरला असणार, कारण सगळं ऐकू येत होतं. ढोल थांबला. गावकर म्हणाले, "सदाचा नारळ हितंच घेतो. भागीरथीच्या अंगणात. घर शेवटचंच ऱ्हाईल, संध्याकाळी त्याची बायको वटी भरेल. पन सदाचं गाऱ्हाणं आत्ता. कोनाची हरकत?"

कोणीतरी काहीतरी पुटपुटलं. काकीचा आवाज आला, "हरकत आसंल त्यानं माज्याकडं येऊन सांगावं."

कोणी गेलं नसावं. गावकरांनी गाऱ्हाणं घातलं. हे लेकरू मुंबईला निघालंय, वाटेत राखण कर, आलं तसं परत आण. शेवटी सगळ्यांनी मिळून "होय म्हाराजा" म्हटलं, तेव्हा आमच्या काचेच्या खोलीत शर्वरीसुद्धा पुटपुटली. ती पुण्याची.

सदानंद परत फोनवर आला. "निघतो. बाबल्याची टुरिस्ट गाडी हाय, तो उद्या येनार होता, आज येतो म्हणतो."

डॉक्टरांनी मोबाइल काढला आणि कमिटीला हो म्हटलं.

मग ते बाहेर गेले आणि पल्लवीच्या बाकाशी बसले. उभं राहून नाही, बसून बोलले. तरी तिला रात्रीपर्यंत थांबवलं, सदानंदचं रक्त जुळलं नाही तर म्हणून. जुळलं. ती पिशवी घेऊन भोईवाड्याला घरी गेली. जाताना तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्या जागी असते तर मीही पाहिलं नसतं. पल्लवीला त्यानंतर दीडेक वर्ष थांबावं लागलं. पण मिळाली. तिचा फोन लावायला काहीच त्रास पडला नाही, ०२२मध्येच होता.

सदानंद त्या रात्री हॉस्पिटलात पोचला तेव्हा कपाळावर गुलाल तसाच होता. ऑपरेशनच्या आधी सिस्टरने पुसला. किडनी पहिल्या दिवसापासून चालली.

चार दिवसांनी मी बेकरीवाल्याला फोन केला आणि काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माझी चूक नव्हती ना?" मी म्हटलं, "नाही, कॉम्प्युटरची." त्याचं समाधान झालं.

हॉस्पिटलने कॉम्प्युटर दुरुस्त केला. आता तालुका निवडला तरी कोड आपोआप येत नाही, विचारून भरावा लागतो. आणि शर्वरीने फॉर्मवर एक ओळ वाढवली, जी मला कोडापेक्षाही महत्त्वाची वाटते: अडीअडचणीच्या नंबरांपैकी निदान एक माणूस असा हवा, जो सणाला पेशंटच्या गावी जात नाही. सदानंदने त्या ओळीत माझं नाव दिलं. मी गिरगावची, माझं गावही गिरगावच. कुठल्याच शिमग्याला मी कुठे जात नाही. तुम्हीही तुमच्या शाळेच्या फॉर्मवर सगळे नंबर एकाच घरातले देऊ नका, एवढंच या सगळ्यातून शिकण्यासारखं.

भागीरथीकाकी आता नाहीत. डंख सुटला, सदानंद गावालाच राहतो, तपासणीला मुंबईला येतो. वाडीत अजून रेंज नाही. दर शिमग्याला पालखी काकींच्या अंगणातून पुढे गेली, की तो तिथून मला फोन करतो आणि न बोलता रिसीव्हर दाराकडे धरतो. मी ढोल ऐकते. मागच्या महिन्यात मीच लावला होता, सहज, लागतो का बघायला. काकींच्या सुनेने उचलला.

०२३५७ अजून चालू आहे.

तुमची आजी